प्रकरण चौदा : साडेचार इंच

फोटोवाला पाच वाजता यायचा होता आणि साडेतीन वाजले तरी मास्तरीणबाईंच्या कोटाचं मधलं बटण काही लागायला तयार नव्हतं.

दुकानाला पन्नास वर्षं झाली म्हणून फोटो. घरातल्या सगळ्यांनी दुकानाचे राखाडी कोट घालून कटिंगच्या टेबलामागे उभं राहायचं, असं थोरल्या मुलानं ठरवलं होतं. रविवार असल्यामुळे शटर अर्धं खाली ओढलेलं, मशिनींवर कापडं झाकलेली. काउंटरवर शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे रचून ठेवले होते, ते फोटोत यावेत की नाही यावर थोरला आणि त्याचा काका तासभर हुज्जत घालत होते. लेक सकाळच्या गाडीनं आली होती. मोठी सून सगळ्यांचे कोट इस्त्रीच्या टेबलावरून उचलून हँगरला लावत होती.

मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान, जाऊन सात वर्षं झाली. तेव्हा "आता हे दुकान बसलं" असं म्हणणारे पुष्कळ होते. बाईंनी त्यांना तोंडानं उत्तर दिलं नाही. कात्री हातात घेतली आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. तेच लोक मग लेकराबाळांचे कोट शिवायला इथंच यायला लागले, आणि बाई त्यांची मापं हसतमुखानं घ्यायला लागल्या. याचा त्यांना अभिमान होता. तो लपवावा असंही त्यांना कधी वाटलं नाही.

"धाकटे, इकडे ये जरा," ट्रायलच्या खोलीतून पडद्याआडून त्यांनी हाक मारली. "हे बटण बघ. बाजूची शिवण पाव इंच सोड, काम होईल. आणि पटकन. बाहेर कुणाला सांगत बसू नकोस."

धाकटी सून आत गेली. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे ही दिवसभर दुकानातच असे. बोलायला कमी, ऐकायला जास्त. बाईंचं तिच्याविषयीचं मत अजून पक्कं झालेलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती तरी झालेलं नव्हतं. बाईंना मत बनवायला वेळ लागे, आणि बनलं की ते बदलायला त्याहून जास्त.

धाकटीनं कोट उलटा करून उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिली.

"आई, सोडायला कापडच नाहीये," ती म्हणाली.

"असं कसं नाही? मी स्वतः कापलाय. चांगलं दोन-दोन बोटं मार्जिन ठेवलंय."

"ठेवलं होतं. संपलंय. बाजूच्या शिवणी कुणीतरी आधीच सोडल्यात. ही टीप मोठ्या ताईंची आहे. बटणं सरकवलीत, आधीची भोकं दिसतायत. आणि पाठीची शिवणही उसवून परत मारलीय." तिनं टाके बोटानं चाचपले. "ही टीप तुमची आहे, आई."

चोरी पकडली गेली होती. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्यांनीच ती शिवण उसवली होती, दार लावून.

"हात वर करा," धाकटी म्हणाली, आणि गळ्यातला टेप काढला.

तिनं छाती मोजली, पोट मोजलं, दंड मोजले, खांदा मोजला. मग पुन्हा पोट मोजलं. मापाची वही आणली, वर्षापूर्वीचं पान काढलं, आणि त्या पानाकडे बघताना तिचा चेहरा असा काही झाला की बाई धास्तावल्या. पण त्या बोलून दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"वय झालं माझं. सुटतं पोट," त्या म्हणाल्या.

"दंड पाऊण इंचानं कमी झालाय, आई. खांद्यावर कोट लोंबतोय. माणूस जाड झाला की सगळीकडून होतो. तुम्ही वाळलायत, आणि पोट तेवढं वाढलंय."

एवढं बोलून धाकटीनं पडदा सारला आणि वही हातात घेऊन सरळ बाहेर गेली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरांनी पहिल्या दिवसापासून दुकानाला एक शिस्त घालून दिली होती : माणसाचं वाढलेलं माप चारचौघांत बोलायचं नाही. वहीत मुकाट्यानं लिहायचं, शिवण मुकाट्यानं सोडायची. दुसऱ्यानं सोडलेली शिवण दिसली तरी विचारायचं नाही. "तो आरशात बघूनच आलेला असतो, आपण आणखी कशाला सांगा," असं मास्तर म्हणत. या शिस्तीवर दुकानानं पन्नास वर्षं लोकांची मर्जी राखली होती. पोरासोरांना अक्षरं यायच्या आधी ही शिस्त यायची.

आणि धाकटी बाहेर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "आईंचं पोट एका वर्षात साडेचार इंच वाढलंय."

थोरल्यानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. काका तर असे बघायला लागले, जणू हिनं दुकानाच्या पाटीवर शाई फेकली.

"अगं, काही रीतभात?" काका म्हणाले.

"काका, रीतभात नंतर पाळते. आधी मला सांगा, कोटाची बटणं कुणी सरकवली?"

काका इस्त्रीचं काम बघत. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी असा सवाल केला नव्हता. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, थोरल्यानं छताकडे.

बाई पडद्याआडून बाहेर आल्या. त्यांचा पारा चढला होता. "फोटोवाला येईल. हा तमाशा बंद कर," त्या म्हणाल्या.

"येऊ दे," धाकटी म्हणाली. ती मागे सरली नाही. "आई, तुम्ही दोन घास खाल्ले की ताट सरकवता. पोट भरलं म्हणता. टेबलावरून तासातासाला उठून जाता, आणि आलात की पुन्हा जावंसं वाटतं. ओटीपोटात दुखतं म्हणून खुर्चीला टेकून कापता. पूर्वी कधी टेकला नव्हतात. गेल्या महिन्यात मी रोज बघितलं. तीसपैकी एकोणीस दिवस असं झालं."

"तू मोजत बसली होतीस?"

"हो. हॉस्पिटलचे अ‍ॅप्रन द्यायला गेले होते तेव्हा तिथल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोट दुखणं, सारखं लघवीला लागणं. पूर्वी नसलेलं नव्यानं सुरू झालं आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस राहिलं, तर थांबायचं नाही. अंडाशयाची तपासणी करून घ्यायची. पाळी गेलेल्या बाईनं तर नक्कीच."

लघवी हा शब्द त्या दुकानात, दिराच्या नि मुलाच्या देखत, प्रथमच उच्चारला गेला असावा. काकांनी इस्त्री बंद असूनही तिची वायर तपासायला घेतली.

"डॉक्टरांना दाखवलंय मी," बाई म्हणाल्या. "गॅस आहे म्हणाले. गोळ्या चालू आहेत. साखर बघितली, साखर नाही. आणि बायकांची तपासणी दोन वर्षांपूर्वी शिबिरात झालीय माझी. सगळं चांगलं होतं."

"ती गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी होती, आई. त्यात अंडाशयाचं काही कळत नाही. मी तेही विचारलं."

"सगळं विचारून आलीये," थोरला म्हणाला. तो वाईट नव्हता, पण मंगळवारी शाळेला पहिले चारशे गणवेश पोचवायचे होते आणि त्याच्या डोक्यात सध्या तेवढंच होतं. "हे बघ, आई दुखलं-खुपलं तर सांगेल ना. पंधरा दिवसांनी ऑर्डर संपते, मग मी स्वतः नेतो. उगाच भलतंसलतं नाव काढून घाबरवू नकोस तिला."

"बरोबर बोलतोय तो," काका म्हणाले. "वहिनी लोखंडासारख्या आहेत."

बाईंना हे ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. पोटात गोळा आलेला असताना कुणी आपल्याला लोखंड म्हणावं, याहून सोयीचं काय असतं? त्या म्हणणार होत्या, की झालं ना, आता कोट आणा. तेवढ्यात मोठी सून हँगर खाली ठेवून पुढे आली.

मोठी आणि धाकटी यांचं विळ्याभोपळ्याचं नातं अख्ख्या घराला ठाऊक होतं. मागच्या वर्षी ओव्हरलॉक मशिनवरून दोघींनी अडीच महिने अबोला धरला होता. त्यामुळे मोठी आता धाकटीला चांगलं सुनावणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"बाजूच्या शिवणी मी सोडल्या," मोठी म्हणाली. "सहा महिन्यांपूर्वी. दीड इंच. आई म्हणाल्या कुणाला बोलू नकोस, मी नाही बोलले."

मग काकांनी घसा साफ केला.

"बटणं मी सरकवली. एक इंच," ते म्हणाले. "वहिनींनी सांगितलं, भावजी, तेवढं बघा. मी बघितलं."

"आणि पाठीत आईंनी स्वतः दीड इंच," धाकटी म्हणाली. "चार झाले. तरी आज बटण लागत नाहीये."

लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती शाळेत शिकवायची, आवाज खणखणीत होता तिचा; पण आता ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "फोनवर आई म्हणायची, जेवण जात नाही. मी पाचक गोळ्या पाठवत राहिले. चार डब्या पाठवल्या मी." मग तिनं आईकडे पाहिलं. "आई, मावशीचंही असंच झालं होतं ना?"

"तिचं नाव काढू नकोस."

"पोटात पाणी झालं, पोटात पाणी झालं, एवढंच आपण म्हणत राहिलो. कशानं झालं ते कुणी विचारलंच नाही. तिचे झगेसुद्धा तूच मोठे करून द्यायचीस. मी बघितलंय तुला."

हे मात्र बाईंच्या वर्मी लागलं. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. थोरल्या बहिणीचा तो निळा झगा त्यांनी तीनदा सोडला होता. दर वेळी बहीण म्हणायची, तुझ्या हाताला जादू आहे गं, घातलेला कळतसुद्धा नाही. आणि दर वेळी यांची छाती फुगायची. इतकी वर्षं तो झगा आठवला की आपण बहिणीचं काहीतरी केलं असं त्यांना वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा वाटलं, आपण तिचा आजार बेमालूम शिवून टाकला. सगळं घर सुई हातात धरणारं, आणि त्यातल्या तिघांनी, त्यांनी स्वतःसुद्धा, तेच पुन्हा चालवलं होतं. कोट बिघडू नये, याची प्रत्येकानं काळजी घेतली होती.

"मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी मास्तर गेल्यावरही उच्चारलं नव्हतं. "तपासलं आणि निघालं तर?"

"निघालं तर लवकर निघेल," धाकटी म्हणाली. "आणि नाही निघालं तर तुम्ही मला वर्षभर टोमणे मारा. मी ऐकून घेईन."

"वर्षभर कशाला, जन्मभर मारतील," मोठी म्हणाली, आणि धाकटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "उद्या सकाळी मीही येते. गणवेश राहू दे. शाळा काही उघडी पडत नाही."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं आणि गणवेशांचा गठ्ठा मुकाट काउंटरखाली सरकवला.

फोटोवाला आला तेव्हा बाईंनी कोट बटणं न लावताच घातला. फोटोत सगळ्यांचे चेहरे जरा ताणलेले आहेत.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंचं नेहमीप्रमाणे हसून स्वागत केलं. ते भले गृहस्थ होते. त्यांची पँटसुद्धा याच दुकानात शिवली जायची. पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. "गोळ्या बदलून देतो," ते म्हणाले. "महिनाभर बघू."

बाई उठायला निघाल्या. डॉक्टरांपुढे वाद घालायची त्यांना सवय नव्हती. कापडाच्या व्यापाऱ्याला त्या घाम फोडत, पण पांढऱ्या कोटापुढे त्यांचं निम्मं अवसान गळायचं.

धाकटी उठली नाही.

"डॉक्टर, गोळ्यांना तीन महिने झाले," ती म्हणाली. तिनं कागद टेबलावर ठेवला. त्यावर तारखा होत्या, कोणत्या दिवशी काय झालं ते होतं, वर्षापूर्वीची आणि कालची मापं शेजारीशेजारी होती. "आईंच्या सख्ख्या बहिणीचं पोटात पाणी होऊन निधन झालंय. आम्हाला सोनोग्राफीची आणि अंडाशयाच्या रक्ततपासणीची चिठ्ठी हवीय. आजच."

"अहो, तशी घाईची गरज दिसत नाही. बहुतेक वेळा हे गॅसच असतं."

"असेलही. मग गॅसच आहे, तपासणीची गरज नाही, असं या कागदावर लिहून खाली सही करा. आम्ही जातो."

ती हे इतक्या सौजन्यानं म्हणाली की डॉक्टरांना रागावताही येईना. बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. आठ मीटर म्हणून पावणेआठ मीटर कापड पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला त्या याच सुरात म्हणत, "बरोबर आहे म्हणता ना? मग सही करा." सहा वर्षं ही पोरगी टेबलाच्या त्या टोकाला खाली मान घालून बसली होती, आणि नुसती बसली नव्हती. बाईंना त्या खुर्चीत, त्या परिस्थितीतही, हसू आलं.

डॉक्टरांनी कागद जवळ ओढला. या वेळी तो नीट वाचला. मापांच्या दोन ओळींवर ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "दंड कमी झालाय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली. माणूस भला होता, असं वर म्हटलंच आहे.

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ दिसली, आणि पोटात थोडं पाणी. रक्ततपासणीतला आकडाही वाढलेला होता. मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनबाईंनी सांगितलं, की गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावरच कळेल; पण वाट बघण्यात अर्थ नाही. नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. ते नऊ दिवस घरानं कसे काढले ते घरालाच माहीत. काकांनी इस्त्री करताना तीन शर्ट जाळले. थोरला रात्रंदिवस गणवेशांच्या मागे लागला, शाळेनं मुदत वाढवून दिलेली असूनही; आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आईच्या पायाशी बसून म्हणाला, "पंधरा दिवस थांबू असं मी म्हटलं होतं, आई." बाईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "म्हटलं होतंस खरं. आणि तुझं कुणी ऐकलं नाही, हे नशीब माझं," त्या म्हणाल्या.

ऑपरेशननंतर अकरा दिवसांनी सर्जनबाईंच्या खोलीत सगळे जमले होते. खुर्च्या चारच, म्हणून काका आणि थोरला भिंतीला टेकून उभे. रिपोर्ट टेबलावर होता. बाई ताठ बसल्या होत्या. पोटाचे टाके ओढत होते, तरी ताठच.

"गाठ कर्करोगाची होती," सर्जनबाई म्हणाल्या. लेकीनं आईचा हात घट्ट धरला. "पण अंडाशयातच होती. बाहेर कुठेही पसरलेली सापडली नाही. पोटातल्या पाण्यातही काही मिळालं नाही. खबरदारी म्हणून केमोचे काही डोस घ्यावे लागतील, तपासण्या करत राहावं लागेल. त्रास होईल, मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही वेळेत आलात."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मोठीनं नाक पुसलं.

"बहिणीचा इतिहास बघता मुलीनंही सल्ला घ्यावा, तिचं रक्त तपासायचं की नाही ते ठरवता येईल," सर्जनबाई लेकीला म्हणाल्या. मग रिपोर्ट मिटत त्यांनी विचारलं, "या आजारात बायका माझ्याकडे बहुतेक फार उशिरा येतात. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं हे?"

धाकटी खाली बघायला लागली. बोलायला कमी, म्हटलंच आहे. तिच्या आधी मोठी बोलली.

"हिच्या," ती म्हणाली, आणि जावेच्या पाठीवर हात ठेवला. "आम्ही सगळे शिवणी सोडत बसलो होतो. ही एकटी बोलली. सगळ्यांच्या देखत."

सर्जनबाईंनी धाकटीकडे पाहिलं. "नर्सिंग केलंयत का तुम्ही?"

"नाही हो," धाकटी पुटपुटली. "आम्ही शिवणकाम करतो."

"नीट सांग की," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ऑपरेशननंतर प्रथमच पूर्वीसारखा, दुकानातल्यासारखा लागला. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू गेला असेल. "डॉक्टर, ही माझी सून. माझ्या हाताखाली शिकली. काजं अजून वाकडी काढते, मी काही कौतुक करायला बसलेली नाही. पण माप घ्यावं तर हिनंच घ्यावं."

धाकटीनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. सहा वर्षांत सासूच्या तोंडून तिनं ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं, आणि बाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू हे त्यांनी सहा वर्षांपूर्वीच ठरवलेलं होतं.